अडले ते फळ्यावर लिहावे



आज मी आपल्याशी बोलणार आहे ते शिकण्याविषयी. आता तुम्ही म्हणाल, हा मास्तर माणूस. शिकवण्याविषयी बोलायचे सोडून शिकण्याविषयी काय बोलतो? पण खरे सांगायचे तर गेल्या तीन वर्षांत मी शिकवले त्यापेक्षा शिकलोच जास्त; आणि तेही पन्नाशी उलटल्यावर. मी शिकलो संगणकावर मराठी लिहायला. गोष्ट लहान आहे. आजकालची पोरे हसतील अशी आहे. परंतु ती शिकताना मी जे शिक्षण चारचौघांत, अगदी रस्त्यावरून जाणाऱ्या माणसाला दिसेल असे, केले त्याची हकीकत सांगण्यासारखी आहे असे मला वाटते.

सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडचा आमचा भाग. पावसाचा भरवसा नाही. गाव लहान, शाळा सातवीपर्यंतची. शाळेत संगणक येऊन बरीच वर्षे झाली होती. त्याच्यावर एका पालकबाईंनी हौसेने भरतकाम करून दिलेले आच्छादन होते. दर खंडेनवमीला आम्ही ते आच्छादन काढत असू, संगणकाला हळदकुंकू वाहत असू, फूल ठेवत असू आणि पुन्हा आच्छादन घालत असू. त्याला झेंडूचा हार दरवर्षी मिळत होता. वीज मात्र क्वचितच.

पण दिवस बदलले. शाळेची माहिती कागदावर पाठवून भागेना. मग मी काय करीत असे? हाताने लिहून तालुक्याच्या गावी टायपिंगच्या दुकानात नेत असे. जाण्यायेण्यात अर्धा दिवस जाई, पदरचे पैसे जात, आणि एवढे करून मुलांच्या नावांत चुका त्या राहतच. एकदा सहावीतल्या एका मुलाने सहज विचारले, "गुरुजी, आपल्या शाळेत संगणक असताना तुम्ही दुकानात का जाता? तुम्हांला येत नाही का?"

मी म्हणालो, "येते रे, पण वेळ कुठे आहे?"

श्रोते हो, हे मी खोटे बोललो. वर्गात उभा राहून बोललो. रोज ज्या मुलांना मी सांगत होतो की येत नसेल तर हात वर करा, लाजू नका, त्यांच्यासमोर माझाच हात खाली राहिला. त्या रात्री मला हे फार लागले.

आमच्या शाळेच्या व्हरांड्यात एक लहान फळा आहे. त्यावर रोजचा सुविचार, पट आणि उपस्थिती लिहिण्याची पद्धत. व्हरांडा रस्त्याकडेला आहे, त्यामुळे डेअरीवर दूध घालायला जाणारे, एस.टी.ची वाट पाहणारे, सारेच तो फळा वाचतात. दुसऱ्या दिवशी सकाळी मी त्या फळ्यावर सुविचाराच्या खाली लिहिले, 'मी संगणकावर मराठी लिहायला शिकत आहे. आज स्वतःचे पूर्ण नाव लिहिले. वेळ लागला १७ मिनिटे.'

आमच्या एका सहकारी बाईंनी मला बाजूला घेतले. म्हणाल्या, "गुरुजी, मुलांचे एक ठीक आहे. पण हे पालक वाचतात. उद्या म्हणतील, ज्या मास्तरला स्वतःचे नाव लिहायला सतरा मिनिटे लागतात तो आमच्या पोरांना काय शिकवणार?" त्यांचे म्हणणे अगदीच चुकीचे नव्हते. दोन दिवस डेअरीवर माझ्या सतरा मिनिटांची चेष्टा झालीच. पण एकदा लिहिले ते लिहिले. मी फळ्याचा खालचा कोपरा आखून घेतला आणि रोज तीनच ओळी लिहू लागलो. आज काय जमले, आज कुठे अडले, आणि उद्या काय करून पाहणार. वर तारीख.

आता अडले ते कुठे, हे थोडे सविस्तर सांगतो. कारण या बोलण्याचे सारे मर्म त्यातच आहे.

भारतीय भाषांसाठी १९८६ साली सरकारने कीबोर्डाची एक मांडणी प्रमाण म्हणून ठरवली. तिला इनस्क्रिप्ट म्हणतात. तिच्यात स्वर, काना, मात्रा, वेलांट्या डाव्या हाताला आणि व्यंजने बहुतेक उजव्या हाताला. मांडणी शहाणपणाची आहे. गंमत म्हणजे जे बटण मराठीत क उमटवते तेच कन्नडात, गुजरातीत आणि बंगालीतही त्या त्या लिपीतला क उमटवते. एवढे मी पुस्तकातून शिकलो. पण 'किती' हा शब्द लिहायला बसलो आणि गाडी थांबली. आपण हाताने 'कि' लिहिताना पहिली वेलांटी क च्या आधी काढतो. जुन्या टाइपरायटरवरही ती आधी उमटवावी लागे. म्हणून मी वेलांटीचे बटण आधी दाबले. पडद्यावर वेलांटीला एक ठिपक्यांचे रिकामे वर्तुळ चिकटले आणि क बाजूला उपरा उभा राहिला.

तीच तऱ्हा रफाराची. 'अर्थ' लिहायचा. आपण अ काढतो, थ काढतो आणि मग थ च्या डोक्यावर रफार देतो. मी शेवटी रफार शोधत बसलो. रफाराचे निराळे बटणच सापडेना!

फळ्यावर रोज लिहीत होतो, 'अडले: पहिली वेलांटी.' 'अडले: रफार.' अकराव्या दिवशी डोक्यात प्रकाश पडला. संगणकाला अक्षरे सांगायची ती डोळ्याला दिसतात त्या क्रमाने नव्हे, तर कानाला ऐकू येतात त्या क्रमाने. 'कि' म्हणताना आधी क ऐकू येतो, मग इ. म्हणून आधी क, मग वेलांटी. ती पुढे नेऊन ठेवण्याचे काम यंत्र करते. 'अर्थ' म्हणताना र आधी ऐकू येतो, थ मागून. म्हणून अ, मग र, मग पाय मोडण्याची खूण, मग थ. रफार आपोआप डोक्यावर जाऊन बसतो. मी फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहिले, 'कानाने लिहावे, डोळ्याने नव्हे.'

आता पाहा, ही गोष्ट कळायला मला अकरा दिवस लागले. पण ज्याने तो फळा वाचला त्याला एक मिनिट लागले. माझे अकरा दिवस खर्च झाले होतेच. ते माझ्यापाशीच ठेवले असते तर पुढच्या माणसालाही अकरा दिवसच लागले असते.

पुढची गोष्ट स्नेहसंमेलनाची. जेवणाला आचारी बोलावले होते. कार्यक्रम झाल्यावर जमाखर्चाचा कागद मी स्वतः संगणकावर लिहिला आणि मोठ्या अभिमानाने व्हरांड्यात चिकटवला. संध्याकाळी गावातले एक वृद्ध कीर्तनप्रेमी गृहस्थ चष्मा सावरत तो वाचू लागले आणि म्हणाले, "गुरुजी, आपल्याकडे आचार्य कधी येऊन गेले? आणि आले तर आले, त्यांना मजुरी दिलीत? दक्षिणा तरी म्हणायचे!"

मी पाहतो तो काय, कागदावर 'आचार्यांस मजुरी' असे छापलेले! मला लिहायचे होते 'आचाऱ्यांस'. कानाचा नियम पाळून र, पाय मोडका, य असे केले, तर संगणकाने सूर्यातला 'र्य' दिला. मला हवा होता तो दऱ्याखोऱ्यांतला, वाऱ्यावरचा, दुसऱ्या-तिसऱ्यातला 'ऱ्य'. मराठीत हा भेद फार मोलाचा आहे. दर्या म्हणजे समुद्र आणि दऱ्या म्हणजे डोंगरातल्या दऱ्या. कान तो भेद ओळखतो, पण बोटांना तो माहीत नव्हता.

मी फळ्यावर लिहिले, 'अडले: आचाऱ्यांस हा शब्द संगणकावर उमटवता येत नाही. कोणास ठाऊक असल्यास सांगावे.' हे लिहिताना खडू जरा जड झाला. आजवर मी अडले असे लिहीत होतो, पण मदत मागितली नव्हती. गावाकडे मास्तराने मागणे म्हणजे काय, हे तुम्ही जाणता.

चार दिवस ती ओळ तशीच राहिली. पाचव्या दिवशी सकाळी तिच्याखाली परक्या अक्षरात लिहिलेले होते, 'शिफ्ट धरून इंग्रजी जे चे बटण दाबा. खाली टिंब असलेला र येईल. मग पाय मोडा, मग य.'

करून पाहिले. 'ऱ्य' उमटला!

लिहिणारा कोण, याचा शोध दोन दिवसांनी लागला. तो माझाच जुना विद्यार्थी. दहावीला राहिला, मग तालुक्याला झेरॉक्सच्या दुकानात काही महिने काम केले, ते सुटले, आता घरी बसून होता. बहिणीच्या मुलीला शाळेत सोडायला येई आणि उभ्या उभ्या फळा वाचून जाई. याच मुलाला मी एकदा भर वर्गात म्हणालो होतो, "तुला आयुष्यात काही यायचे नाही." त्याला ते आठवत होते. मलाही आठवले. मी त्याला म्हणालो, "बाळ, तेव्हा मी चुकीचे बोललो." तो खाली पाहून म्हणाला, "असू द्या गुरुजी. दर शनिवारी येऊ का मी?" तेव्हापासून तो शनिवारी येतो. मुलांना तो शिकवतो, आणि मागच्या बाकावर मी बसतो.

आता, आपली प्रगती अशी जाहीर मांडणे हे काही माझ्या डोक्यातून निघालेले नवे खूळ नव्हे. दोनशे वर्षांपूर्वीची एक गोष्ट सांगतो. विहिरीवरच्या इंजिनाशी ज्यांचा संबंध आला आहे त्यांना ती लगेच पटेल.

इंग्लंडच्या नैर्ऋत्य टोकाला कॉर्नवॉल नावाचा मुलूख आहे. तेथे तांब्याच्या आणि कथलाच्या खोल खाणी होत्या. खाणीत पाणी भरे आणि ते उपसायला वाफेची अजस्र इंजिने लागत. कोळसा मात्र त्या मुलखात नाही. तो वेल्समधून जहाजाने आणावा लागे. म्हणजे पाणी उपसण्याचा सारा खर्च कोळशात जाई. आधी तेथे जेम्स वॉट आणि त्याचा भागीदार बोल्टन यांच्या इंजिनांचा अंमल होता. त्यांचे पेटंट होते, कोळशाच्या बचतीवर ते हिस्सा घेत, आणि कोणी सुधारणा करू गेला तर कोर्टकचेऱ्या होत. १८०० साली पेटंट संपले. हिस्सा देणे थांबले खरे, पण इंजिनांवर नीट नजर ठेवणारेही कोणी राहिले नाही आणि कामात ढिलाई आली.

तेव्हा १८११ साली खाणवाल्यांनी एक गोष्ट केली. जोएल लीन नावाच्या एका जाणत्या माणसाच्या हाती हिशेब देऊन दरमहा एक पत्रक छापायला सुरुवात केली. प्रत्येक इंजिनाने एक बुशेल कोळशात, म्हणजे आपल्या हिशेबाने बेचाळीस-त्रेचाळीस किलो कोळशात, किती पाणी किती उंच चढवले याचा आकडा त्यात असे. शिवाय खाणीचे नाव, इंजिनाचे माप आणि ते सांभाळणाऱ्या इंजिनिअरचेही नाव असे. म्हणजे ज्याचे इंजिन उत्तम चालले त्याचेही नाव छापून येई आणि ज्याचे रखडले त्याचेही! लीन पुढच्याच वर्षी वारला. त्याच्या मुलांनी ते काम पुढे चालवले, आणि ते पत्रक १९०४ सालापर्यंत निघत राहिले.

याचा परिणाम काय झाला? एकाने वाफेचा दाब वाढवून पाहिला, दुसऱ्याने वाफेच्या नळ्यांना आणि सिलिंडरला उष्णता बाहेर जाऊ नये म्हणून जाड आवरण घातले. पुढच्या महिन्याचा आकडा वाढला की शेजारच्या खाणीचा इंजिनिअर विचारायला येई, बाबा रे, तू काय केलेस? आणि तो सांगे. सुमारे तीस वर्षांत तितक्याच कोळशात होणारे सरासरी काम जवळजवळ तिप्पट झाले. कोणा एका महापुरुषाने हे केले नाही. बरेच जण आपापले आकडे, चांगले आणि वाईट दोन्ही, एकाच कागदावर मांडत गेले, त्यातून हे घडले.

दुसरे उदाहरण अलीकडचे, आणि ते तुमच्या खिशातच आहे. १९९१ साली फिनलंड देशात, हेलसिंकी शहरात, लिनस टोर्व्हाल्ड्स नावाचा २१ वर्षांचा एक विद्यार्थी होता. त्याने नवा संगणक घेतला होता आणि त्याची आतली रचना समजून घ्यावी म्हणून तो स्वतःच एक कार्यप्रणाली लिहीत होता. कार्यप्रणाली म्हणजे संगणकाचा आतला कारभार चालवणारी व्यवस्था. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्याने आपल्यासारख्याच शिकणाऱ्या मंडळींना जाहीर कळवले की मी असे असे करतो आहे, हा माझा छंद आहे, यातून मोठे काही होणार नाही. एवढे एवढे चालू झाले आहे, अमुक गोष्टी होणार नाहीत, आणि तुम्हांला यात काय हवे ते सांगा. पुढच्या महिन्यात त्याने आपले अर्धेमुर्धे काम जसे होते तसे सर्वांपुढे ठेवले.

ते पुरे झाल्यावर दाखवीन, असे तो म्हणाला असता तर? ते कदाचित कधीच पुरे झाले नसते. अर्धवट दाखवले म्हणून लोकांना हात घालायला जागा राहिली. कोणी चूक दाखवली, कोणी दुरुस्ती पाठवली, कोणी नवा भाग जोडला. त्यातून लिनक्स ही कार्यप्रणाली उभी राहिली. आज आपल्यातल्या बहुतेकांच्या हातात जो अँड्रॉइडचा फोन आहे त्याच्या गाभ्याशी हेच लिनक्स आहे. बांधावर बसून हवामानाचा अंदाज पाहणारा शेतकरी त्या विद्यार्थ्याच्या जाहीर शिकण्याचा वारस आहे, असे म्हणायला हरकत नाही.

आता कोणी म्हणेल, गुरुजी, ही मोठ्यांची उदाहरणे झाली. प्रत्येकाच्या फळ्यातून लिनक्स निघत नाही. कबूल. माझ्या फळ्यातून काय निघाले ते सांगतो.

आमच्या गावच्या अंगणवाडीच्या ताई. वीस वर्षे पोरांना खाऊ घालताहेत, गाणी शिकवताहेत. त्यांच्याही नोंदी आता फोनवर आल्या. मुलांची, मातांची नावे, वजने, उंची, सारे फोनवर. ताईंना भीती वाटे, कुणाला विचारावे तर लोक म्हणतील हिला जमत नाही, मग दुसरी बाई बघा. नवरा गेलेला, घर त्या मानधनावर. म्हणून त्या कुणाला काही न विचारता रात्री भाचीकडून नोंदी भरून घेत. एक दिवस व्हरांड्यात आल्या, फळ्याकडे बोट दाखवून म्हणाल्या, "गुरुजी, ते वेलांटीचं मी तीन महिने शोधत होते. मला वाटायचं, मीच येडी आहे. तुम्ही अडलात हे वाचलं, तेव्हा जिवात जीव आला." आज त्या आपल्या नोंदी आपण करतात. शेजारच्या वाडीतल्या दोन जणींनाही त्यांनी शिकवले.

तेव्हा मला उमगले की माझ्या तीन ओळींतली सर्वांत उपयोगाची ओळ कोणती. 'आज जमले' ही ओळ माझ्या उपयोगाची. ती वाचून मला हुरूप येई. 'आज अडले' ही ओळ दुसऱ्याच्या उपयोगाची. ती वाचून ज्याला ठाऊक आहे त्याला सांगता येते, आणि ज्याला ठाऊक नाही त्याला कळते की आपण एकटे नाही.

पण हे समजूनही मी एकदा घसरलो. तेही सांगितले पाहिजे. बाहेरगावच्या काही पाहुण्यांनी शाळा पाहिली, फळ्याचे कौतुक केले, फोटो काढून नेले. झाले! दुसऱ्या दिवसापासून माझ्या खडूला वळण लागले. 'आज अर्ज लिहिला.' 'आज तक्ता केला.' 'आज बेरजेचे सूत्र जमले.' रोज जमतच होते. अडलेली ओळ लहान होत गेली आणि एक दिवस नाहीशी झाली. खरे तर मी रोज अडत होतो, फक्त लिहीत नव्हतो. पंधरा दिवसांनी ताई येता येता म्हणाल्या, "हल्ली तुम्ही अडत नाही वाटतं, गुरुजी?" मी काय समजायचे ते समजलो. त्या पंधरा दिवसांत फळ्याखाली कुणीही काही लिहिले नव्हते. जो अडतच नाही त्याला कोण कशाला सांगेल?

आणखी दोन चुका माझ्या हातून झाल्या. त्यांतली पहिली चुकीच्या शिकवणुकीची. तक्त्यात सरासरी काढायला मी शिकलो आणि लगेच फळ्यावर नियम लिहिला की गैरहजर मुलाच्या रकान्यात शून्य घालावे. तसे केले की सरासरी खाली येते, हे माझ्या ध्यानात आले नाही. रिकामा रकाना सरासरीत धरला जात नाही, शून्य मात्र धरले जाते. दुसऱ्या शाळेतल्या एका शिक्षकाने तो नियम उतरवून नेला आणि त्यांचा सगळा निकाल चुकला. त्या दिवशी मी जुनी ओळ पुसली नाही. तिच्यावर काट मारली, खाली बरोबर काय ते लिहिले आणि तारीख घातली. आणि त्या शिक्षकांना स्वतः जाऊन सांगितले. तेव्हापासून मी 'असे करावे' असे लिहीत नाही. 'मी असे केले आणि असे झाले' एवढेच लिहितो. शिकणाऱ्याने शिक्षकाच्या थाटात बोलू नये, हे मला माझ्याच फळ्याने शिकवले.

दुसरी चूक अधिक गंभीर. सरावासाठी मी वर्गाच्या गुणांचा तक्ता केला आणि माझी प्रगती दाखवायला तो व्हरांड्यात लावला. खरी नावे, खरे गुण. दुसऱ्या दिवशी एक बाप आला. रागावला नाही, ओरडला नाही. म्हणाला, "गुरुजी, शिकत तुम्ही होतात. मग माझ्या पोरीचे गुण भिंतीवर का?" याला माझ्यापाशी उत्तर नव्हते. मी तो कागद उतरवला आणि त्या मुलीची माफी मागितली. आपले अडणे आपले आहे. ते खुशाल चव्हाट्यावर मांडावे. पण दुसऱ्याचे नाव, गुण, फोटो, फोन नंबर हे आपले नव्हे. सरावाला काल्पनिक नावे घ्यावीत. आणि बँकेचा पासवर्ड, फोनवर येणारा ओटीपी हे तर कुणालाही, मदत करणाऱ्यालासुद्धा, सांगू नयेत. अडले हे सांगायचे. कुलपाची किल्ली द्यायची नाही.

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे. शाळेत एक फळा, एक कोपरा, असा ठेवा की ज्यावर शिक्षक काय शिकतो आहे ते दिसेल. मुलांना आपण नेहमी तयार दिसतो, जणू जन्मतःच सगळे येत होते. मोठा माणूस अडतो कसा, आणि अडल्यावर काय करतो, हे त्यांना कुठे पाहायला मिळणार? आमच्या वर्गात आता मुले वहीच्या शेवटच्या पानावर आपली अडलेली ओळ लिहितात. पूर्वी तपासताना मला फक्त उत्तरे दिसत. आता प्रश्न दिसतात.

आणि शेतकरी मंडळींनो, हे केवळ शाळेचे काम नव्हे. २०२१ सालापासून राज्यात ई-पीक पाहणी सुरू झाली आणि पिकाची नोंद शेतकऱ्याने स्वतः फोनवर करायची वेळ आली. कोणाचा गट क्रमांक सापडत नाही, कोणाचा फोटो जात नाही. प्रत्येक जण आपल्या बांधावर एकटा अडतो, आणि मग कुणाला तरी पैसे देऊन काम उरकतो. डेअरीच्या भिंतीवर एक फळा टांगा. ज्याला जमले त्याने कसे जमले ते लिहावे. त्याहून महत्त्वाचे, ज्याला अडले त्याने कुठे अडले ते लिहावे. बचतगटाच्या बैठकीत पहिली दहा मिनिटे यालाच द्या. कुणी हसेल. माझ्या सतरा मिनिटांना दोन दिवस हसले, तिसऱ्या दिवशी त्यांतलाच एक जण विचारायला आला, गुरुजी, माझ्या मुलाचा अर्ज लिहून द्याल का? मी म्हणालो, लिहून देत नाही, शेजारी बस, दोघे मिळून लिहू.

आता मला स्वतःचे नाव लिहायला काही क्षण पुरतात. संगणकावरचे आच्छादन धुऊन, घडी घालून कपाटात ठेवले आहे. खंडेनवमीला तेवढे बाहेर काढतो. काल संध्याकाळी शाळा बंद करताना फळ्यावर लिहून आलो आहे, 'अडले: दोन वर्षांचे तक्ते एकत्र जोडता येत नाहीत. कोणास ठाऊक असल्यास सांगावे.' आज परत गेल्यावर त्याखाली कोणाचे अक्षर दिसते ते पाहायचे आहे.